बद जानवर

त्याचे नाव तोंडातून निघाले तर चाळीस दिवस जबान नापाक राहते, ही समजूत आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी ऐकली असेल. कुणी सांगितली, कुठल्या किताबात आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. आलिम लोकांना विचारावे तर ते सांगतात की या गोष्टीला कसलाही आधार नाही. हराम आहे ते त्याचे मांस, नाव घेण्याची मनाई कुठेच नाही. तरीही समजूत टिकून आहे. वीस वर्षे शाळेत आणि कॉलेजात घालवून, बी.एड. होऊन, आज वर्गात उभे राहून विज्ञान शिकवतानासुद्धा तो शब्द आला की आमची जीभ क्षणभर अडते. लहानपणी जिभेला लावलेली सवय पदवीने सुटत नाही.

आमच्या घरात त्याला नावच नव्हते. दादी म्हणायची 'बद जानवर'. अब्बा म्हणायचे 'वो जानवर'. अम्मी तेवढेही म्हणत नसे. डोंगराकडे हात करायची आणि 'आके गया' एवढेच सांगायची. आम्हा भावंडांपैकी कुणी बाहेर ऐकलेला शब्द घरात आणला, तर दादीचा हुकूम ठरलेला : 'जा, कुल्ली करके आ.' आम्ही पडवीत जाऊन तीन चुळा भरायचो. पाणी लाल मातीत जिरायचे आणि शब्दही गेला असे वाटायचे.

उर्दू शाळेत हा शब्द फारसा वाटेत येत नाही. कायद्यात खे हरफासमोर खरगोश असतो, सीनसमोर सेब. आमच्या पाहण्यातल्या मराठी अंकलिप्यांतही ड डमरूचा नाही तर डब्याचा. म्हणजे हे जनावर दोन्ही लिप्यांनी मुलांपासून दूर ठेवले आहे. पण आठवीचा इतिहास आला की सुटका नसते. १८५७ चा उठाव शिकवायचा तर काडतुसे आली, आणि काडतुसे आली की चरबी आली. गाईची आणि त्याची. अर्धी चरबी सांगून अर्धी गाळली तर धडाच उभा राहत नाही. हिंदू शिपाई का बिथरला हे कळेल, मुसलमान शिपाई का बिथरला हे कळणार नाही. मेरठच्या ज्या ८५ सवारांनी ती काडतुसे हातात घ्यायला नकार दिला, त्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. त्यांना बेड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी, १० मे १८५७ ला, मेरठ पेटले.

एका वर्षी हा धडा मोठ्याने वाचायला आम्ही एका हुशार मुलीला उभे केले. गाईपर्यंत ती घडाघडा वाचत आली आणि 'और' वर थांबली. वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून एकाने 'वो जानवर, वो जानवर' असे कुजबुजून मदतही केली. पोरीने मान वर करून विचारले, 'सर, नाम लेना जरूरी है?' आम्ही म्हणालो, 'ज्या माणसांनी त्यासाठी बेड्या घालून घेतल्या, त्यांना नाव माहीत होते.' तिने शब्द वाचला. फार हळू, पण वाचला. तासानंतर ती नळावर गेली की नाही, हे आम्ही मुद्दाम पाहिले नाही.

तोच शब्द खेळाच्या मैदानात मात्र कुणाला जड जात नाही. तिथे धावबाद झालेला मुलगा पंचाला तो सरळ फेकून मारतो. वर्गात ज्याने कानावर हात ठेवले तोच मैदानात सगळ्यात मोठ्याने ओरडतो. शिवी म्हणून चालतो, जनावराचे नाव म्हणून चालत नाही, असे काहीतरी विचित्र होऊन बसले आहे. आणि ही शिवी फक्त पोरांत राहत नाही. ती मोठ्यांत जाते, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीकडे फेकली जाते, आणि तिच्यावरून डोकी फुटल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. बिचाऱ्या जनावराला यातले काही ठाऊक नाही.

दादीची एक गोष्ट आम्हाला पुष्कळ वर्षांनी ध्यानात आली. ती रोज फजरनंतर कुरआन शरीफची तिलावत करायची. अरबी वाचायला येत होती, अर्थ येत नव्हता; तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचे तसेच. सूरह बकरा आली, माइदा आली, अनआम आली, नहल आली. या चारही सूरहांत तो शब्द आहे : खिंजीर. माइदामध्ये पुढे त्याचे अनेकवचनही आहे. दादी खे घशातून काढायची, जे नीट दाताशी आणायची, एकही हरफ चुकू द्यायची नाही. आपल्याला लहानपणी शिकवतात की कुरआनच्या एकेका हरफाला दहा नेक्या. खे, नून, जे, ये, रे. पाच हरफ, पन्नास नेक्या. ज्या तोंडाने ती आम्हाला चूळ भरायला पाठवायची, त्याच तोंडाने पहाटे ती या नावावर पन्नास नेक्या कमवत होती. आम्ही हे तिला कधी सांगितले नाही. सांगून काय साधणार होते? तिच्या लेखी ते अल्लाहचे बोलणे होते, आणि अल्लाहने कशाचे नाव घ्यावे हे ठरवणारी ती कोण? पण आमच्यापुरता प्रश्न तिथे सुटला. जिथे मनाई केली आहे तिथेच स्पष्ट नाव घेऊन केली आहे. नाव न घेता मनाई करता येत नाही.

आता जनावराबद्दल. आमची जमीन कट्ट्यात, मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. बॅरिस्टर नाथ पै सेवांगणामुळे बाहेरच्या लोकांना गाव माहीत असते. इथे आमची घरे मोजकीच. भाताचे चार कुणगे, वर काजू, बांधाला सुरण आणि कणगर. भाताच्या लोंबीत दूध भरले की ते खाली उतरते. एकटे आले तर थोडक्यात सुटका, पण मादी पिलावळ घेऊन आली की कुणगा संपला. ती जेवढे खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात, लोळतात, मेरा फोडतात. फुटलेल्या मेरेतून पाणी निघून जाते आणि उरलेले भातही बसते. कणगराची तर गोष्टच सोडा. जमिनीखाली हातभर खोल असलेला कंद त्याला वरून कळतो. डोळे मंद, पण नाक असे की आम्हा माणसांना त्याची कल्पना येणार नाही.

जवळून आम्ही त्याला दोनदाच पाहिले आहे. पाठीवर मानेपासून उभे राहिलेले राठ केस, पुढचे अंग भारी, मागचे उतरते, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी वर वळलेले सुळे. खालचा सुळा वरच्यावर सतत घासला जातो आणि आपोआप धारेला राहतो. पिले मात्र फार देखणी. तपकिरी अंगावर फिकट पट्टे, खारीच्या पाठीवर असावेत तसे. काही महिन्यांत ते पट्टे जातात. एका पावसाळ्यात दादीने खिडकीतून सहा पिले आईच्या मागे ओळीने जाताना पाहिली आणि तिच्या तोंडून 'माशाल्लाह' निघून गेले. मग बराच वेळ ती कुणाशी बोलली नाही.

शेतकरी काय करणार? मांगरात रात्रभर राखण करायची, डबे बडवायचे, जुन्या साड्या कुणग्याभोवती बांधायच्या. सलूनमधले केस आणून बांधावर पसरायचे, म्हणजे माणसाचा वास येतो. चार दिवस हे सगळे चालते, पाचव्या दिवशी त्याला सवय होते. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते, ते ती आवाजापुरती वाजवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला परवानगीवाचून मारता येत नाही. चोरून मारणारे फासकी लावतात, आणि त्या फासकीत पुष्कळदा बिबट्या अडकून मरतो. म्हणजे जो याला खाऊन आटोक्यात ठेवणार, तोच याच्या नावाने मरतो. त्यात अर्धा गाव मुंबईला. कसायला माणूस नाही म्हणून जमिनी पडीक, पडीक जमिनीवर झाडोरा, झाडोऱ्यात हे. शेती सोडलेल्या प्रत्येक घराने शेती करणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात एक कळप आणून ठेवला आहे, असे आमचे मत आहे. त्यात आमच्या मुंबईकर चुलत्यांचेही घर आले.

या सगळ्यात आमच्या शेजारच्या आबांची राखण आणि आमची राखण एकच. एका रात्री ते, एका रात्री अब्बा. सकाळी आबा पायवाटेवरून यायचे आणि खळ्यातूनच सांगायचे, 'राती काळो येवन गेलो मरे. सगळी कणगा उकरून टाकल्यान.' काळो! स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोमुलांशी ते साधे 'डुकर' म्हणत. आम्ही त्यांच्या पडवीत बसून ते ऐकले आहे. आमच्या खळ्याच्या पायरीशी आले की शब्द बदलत असे. कुणी त्यांना तसे सांगितले नव्हते. अब्बांनी कधी विषय काढला नव्हता. दादीला तो शब्द टोचतो हे त्यांनी कधीतरी पाहिले असेल आणि तिच्यासाठी एक नवे नाव करून ठेवले असेल. त्यांची मुलेही आमच्याकडे 'काळो'च म्हणत.

आणि नाव टाळणे हे काही आमचीच मिरास नाही. आबांच्या घरात दिवेलागण झाल्यावर साप हा शब्द निघत नाही. 'जनावर' म्हणतात, नाहीतर 'लांबडा'. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझत नाही, तोही वाढवतात. दुकान बंद करायचे तरी वाढवायचेच. जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत आणि घेतले तर उखाण्यात गुंडाळून. जगभर असेच आहे. रशियन भाषेत अस्वलाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'मध खाणारा' असा. खरे नाव भीतीने टाळता टाळता इतके विसरले गेले की टोपणनावच नाव होऊन बसले. भीतीने टाळतात, आदराने टाळतात, किळसेने टाळतात. आमच्या घरात यातले नेमके काय होते, हे सांगणे कठीण आहे. किळस होती. पण भाताची लोंबी भरली की भीतीही असे.

बी.ए.ला आमचा एक विषय फारसी होता. तिथे हे जनावर आम्हाला दुसऱ्याच रूपात भेटले. फारसीत रानातल्या सुळेवाल्याला गुराज म्हणतात. जुन्या इराणी भाषेत तेच वराज, आणि त्याहून मागे गेले की अवेस्तातला शब्द थेट संस्कृत वराहाचा सख्खा भाऊ निघतो. म्हणजे विष्णूच्या तिसऱ्या अवताराचे नाव आणि आमच्या फारसीच्या पुस्तकातला शब्द एकाच घरचे. फिरदौसीच्या शाहनाम्यात बीझन आणि मनीझाची प्रेमकहाणी आहे. पण ती सुरू कशी होते? सरहद्दीवरच्या अरमानचे लोक कैखुसरोच्या दरबारात रडत येतात की गुराजांचे कळप आमची शेते आणि झाडे उद्ध्वस्त करत आहेत, काहीतरी करा. बीझन पुढे होतो. हजार वर्षांपूर्वीची ही फिर्याद आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला कट्ट्याची ग्रामसभा आठवली. फरक एवढाच की आमच्याकडे बीझन नाही आणि असता तर त्याला परवाना लागला असता. फिरदौसी मुसलमान होता, गुराज हा शब्द त्याने कितीदा लिहिला असेल, आणि कुणी त्याला चूळ भरायला पाठवल्याचे ऐकिवात नाही.

इराणी तर हे नाव माणसांना देत. ज्या सेनापतीने ६१४ साली रोमनांकडून जेरुसलेम घेतले त्याचे नाव शहरबराज. शहर म्हणजे राज्य, बराज म्हणजे तेच. राज्याचा रानवराह, असा किताब! रोमनांच्या ज्या पराभवाचा उल्लेख सूरह रूमच्या सुरुवातीला आहे, त्याचा संबंध याच मोहिमांशी लावला जातो.

इकडे दक्षिणेत पाहा. चालुक्यांची आणि नंतर विजयनगरची मुद्रा वराहाची, म्हणून होन या सोन्याच्या नाण्याला वराह म्हणत. हा होन आदिलशाहीतही चालत असे. कोकणातल्या किती काजींनी आणि देशमुखांनी तो कमरेला बांधला असेल! आणि काश्मीरचे बारामुल्ला. नावात मुल्ला ऐकून आम्ही खूश होतो, पण मूळ नाव वराहमूल. आज तिथले नमाजी, हाफिज, आलिम सगळे आपला पत्ता सांगताना त्या वराहाचे नाव घेतात. पत्त्याला कुल्ली कोण करणार?

हे सारे वर्गात सांगितले की मुलांना मजा वाटते. पण त्यांना सगळ्यात जास्त आवडते ते सुलावेसीचे जनावर. इंडोनेशियातल्या सुलावेसी आणि आसपासच्या बेटांवर एक रानटी जात आहे. तिच्या नराचे वरचे सुळे तोंडातून बाहेर न येता नाकाडाची कातडी फोडून वर निघतात आणि मागे वळून कपाळाकडे जातात. लांबून शिंगे वाटावीत असे. जुने लोक सांगत की रात्री ते या सुळ्यांनी फांदीला लटकून झोपते; ती अर्थात गोष्टच. त्याचे नाव बाबिरुसा. मलय भाषेत बाबी म्हणजे डुक्कर आणि रुसा म्हणजे हरीण. आपल्या सह्याद्रीत जे सांबर फिरते त्याच्या शास्त्रीय नावातही हाच रुसा आहे. इंडोनेशियात बहुसंख्य मुसलमान आहेत. ते बाबी खात नाहीत, पण बाबी म्हणतात, आणि त्यांच्या देशातल्या या अजब प्राण्याचे तेच नाव साऱ्या जगाने उचलले.

हे सांगताच एका पोराने हात वर केला. 'सर, नाम में हिरन है ना? फिर खा सकते?' वर्ग हसला, पण प्रश्न साधा नव्हता. ज्यू धर्मात खूर दुभंगलेले हवे आणि जनावर रवंथ करणारे हवे, अशा दोन अटी आहेत. १९८० च्या दशकात असे निघाले की बाबिरुसाचे पोट इतर डुकरांपेक्षा गुंतागुंतीचे आहे, कदाचित तो रवंथ करत असेल. मग ज्यू धर्मपंडितांत चर्चा सुरू झाली की याला हलाल धरावे काय. तो रवंथ करत नाही असे ठरले आणि विषय मिटला. आमच्याकडे तर रवंथाची अट नाही, जात पाहायची. आम्ही त्या मुलाला म्हणालो, 'तुझ्या नावात शेर आहे, म्हणून तुला पिंजऱ्यात ठेवतात काय?' त्याच्या नावात खरोखरच शेर होता.

त्याच सुलावेसीच्या दक्षिण भागात गुहांच्या भिंतींवर माणसाने काढलेली याच कुळातल्या जनावरांची चित्रे आहेत. एका चित्रात माणसांच्या आकृती आहेत आणि शेजारी रानडुक्कर. त्याचे वय किमान ५१,२०० वर्षे असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. माणसाने हातात रंग घेतला तेव्हा हे जनावर समोर होते. आज त्या भागात वस्ती मुख्यतः मुसलमानांची आहे.

आता २०१८ ची गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दोन कुणगे एका रात्रीत गेले. कापणीला आठ दिवस होते. त्या वर्षी अब्बांनी सोसायटीचे कर्ज काढले होते आणि वर्षाचे तांदूळ त्याच दोन कुणग्यांवर होते. नुकसानभरपाई मिळते हे माहीत होते, पण आमच्या घरातून कधी अर्ज गेला नव्हता. याआधीही नुकसान झाले होते. मग का गेला नव्हता? तर अर्जात नाव लिहावे लागते म्हणून. इतके साधे कारण होते, आणि त्यापायी किती पावसाळे सोडून दिले याचा हिशेब कुणी केला नाही.

या खेपेला अब्बांनी अर्ज लिहिला. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, अक्षर सुरेख. लिहिले, 'जंगली जनावराने भात खाऊन व तुडवून नुकसान केले.' अर्ज परत आला. खिडकीतला माणूस मालवणीच होता. म्हणाला, 'जनावर म्हंजे काय वो? जनावर भात खाता?' त्याच्या भाषेत जनावर म्हणजे साप. अब्बा अर्ज घेऊन घरी आले आणि आमच्यापुढे ठेवला. 'तुम लिखो,' एवढेच म्हणाले. आम्ही लिहिले. रानडुक्कर. पाच अक्षरे. लिहिताना अब्बा बाजूला उभे राहून पाहत होते, आणि आम्हाला दहावीच्या परीक्षेत वाटली नव्हती इतकी धाकधूक वाटली. त्यांनी कागद घेतला, डोळ्यांनी वाचला, सही केली.

चार दिवसांनी दोघे पंचनाम्याला आले. खुरांचे ठसे पाहिले, मेरा पाहिल्या, पावले टाकून क्षेत्र मोजले. पंच म्हणून आबा. लिहून झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. साहेबांना चष्मा नव्हता म्हणून त्यांनी कागद आबांच्या हातात दिला. दादी तेव्हा चौऱ्याऐंशीची. खळ्यात खुर्ची टाकून बसली होती, हातात तसबीह. आबा वाचू लागले. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पिकाचे नाव, आणि मग, 'सदर पिकाचे नुकसान...' इथे ते थांबले. मान वळवून त्यांनी दादीकडे पाहिले. आणि सरकारी मराठीतच पण ठासून वाचले, 'सदर पिकाचे नुकसान काळो या वन्यप्राण्याने केले असून...'

साहेब म्हणाले, 'अहो, तिथे तसे लिहिलेले नाही.'

'माका म्हायत आसा काय लिवलासा ता,' आबा म्हणाले. 'तुमी लिवलासा ता बरोबर. मी वाचलंय ता पण बरोबर.'

साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी एकदा आबांकडे पाहिले, एकदा दादीकडे, आणि काही न बोलता सहीची जागा दाखवली. आबांनी सही केली, अब्बांनी केली. दादीची तसबीह मधेच थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

पैसे यायला बरेच महिने लागले. आले तेव्हा रमजान होता. बियाणे आणि खताचे सुटले, मजुरीचे नाही. सोसायटीचा हप्ता कसाबसा भरला. दादीला घरात आलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब लागे. इफ्तारनंतर तिने विचारले, 'ये कायके पैसे?' अम्मीने घाबरून अब्बांकडे पाहिले. या पैशाला हात लावायचा की नाही, असा प्रश्न आता निघणार असे आम्हा सगळ्यांना वाटले.

'भाताचे,' अब्बा म्हणाले.

'भात तो बिका नहीं. किसने खाया था?'

तिला पक्के माहीत होते. पंचनाम्याला ती खळ्यातच होती. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आबांच्याच सुरात म्हणाले, 'काळ्यान.'

दादी तोंडाला पदर लावून हसली, आणि पानाचा डबा पुढे ओढला.